पाच सऱ्यांची नळी

आमच्या खोलीत दिवसभर आकडे जमतात. पिस्टनचे, पिनांचे, बुशचे. त्या आकड्यांच्या फायली आम्ही पाच वर्षांनी रद्दीत घालतो. पण आकड्यांबरोबर जे किस्से येतात ते रद्दीवाला घेत नाही. ते साठत जातात, आणि मग कुणी निवांत माणूस सापडला की मी सुरू होते. आज तुम्ही सापडलात.

आधी खोली सांगते. उद्यमनगरात आमचं मापं घ्यायचं दुकान आहे. फाउंड्रीवाले, मशीन शॉपवाले त्यांचे पार्ट आणून ठेवतात, मी मोजते, रिपोर्टवर सही करते. वडिलांनी सुरू केलं, मी पुढं चालवते. खोलीत एसी कायम वीस डिग्रीवर, कारण लोखंड उन्हात फुगतं. एप्रिलमध्ये आमच्याकडं न मोजायचं कामसुद्धा घेऊन लोक येतात आणि तासभर बसतात.

वडिलांच्या वेळचे रंगाण्णा अजून रोज दहाला हजर असतात. वय चौऱ्याहत्तर. पगाराला येत नाहीत, मापाला येतात. त्यांचा स्वभाव एका गोष्टीत सांगते. मागं त्यांना तपासणीला दवाखान्यात नेलं होतं. नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, "आजोबा, उंची किती?"

रंगाण्णा म्हणाले, "सकाळची सांगू का संध्याकाळची?"

नर्सला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. मी तिला समजावलं की बाई, दिवसभर उभं राहून माणूस खरंच सेंटिमीटरभर खाली बसतो. तिनं फॉर्मवर "नातेवाईक सोबत" असं लिहिलं आणि दोघांनाही बाकावर बसवलं.

\*

तर एक दिवस दुकानासमोर टेम्पो थांबला. पुढं ड्रायव्हरशेजारी एक म्हातारे बसलेले, मागं हौद्यात दुसरे. दोघांचं तोंड दोन दिशांना. मधून उतरल्या सुनंदाबाई कांबळे. या बिद्रीच्या अलीकडच्या एका गावच्या पोलीस पाटील. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जायचं असतं.

बाईंच्या हातात फाईल, फायलीत बंदुकांचे कागद, ठाण्याचं पत्र, सगळं नीट लावलेलं. मागून दोन माणसांनी धोतरात गुंडाळलेल्या दोन जुन्या बंदुका आणून टेबलावर ठेवल्या. तोड्याच्या बंदुका, म्हणजे पेटत्या वातीनं बार उडवायच्या त्या. दोन्हींची नळी हातभराहून थोडी मोठी.

मागं बसले होते ते आप्पा, गावातल्या वरच्या घरचे. पुढं बसले होते ते तात्या, खालच्या घरचे. दोघं लांबचे चुलतभाऊ. पंजोबांच्या काळात घर वाटलं गेलं तेव्हापासून दोन्ही घरांत एकेक बंदूक, आणि दोन्ही घरांचं म्हणणं की आमचीच खरी. गावच्या जत्रेत देवीच्या पालखीपुढं बंदूक घेऊन चालायचा मान खऱ्या बंदुकीच्या घराचा. त्यामुळं दरवर्षी दोघंही पुढं यायचे. गेल्या वर्षी चौकात पालखी दोन तास खोळंबली, आणि खांदेकऱ्यांनी शेवटी देवीला एका किराणा दुकानाच्या कट्ट्यावर टेकवलं.

"ताई, आता हे मिटवायचं," सुनंदाबाई म्हणाल्या. "देवळातल्या पेटीत एक जुनी गोळी हाय. खऱ्या बंदुकीतनं सुटलेली. तिच्या अंगावर नळीच्या खुणा हायत. ज्यांच्या नळीचं माप जुळंल त्यांचा मान. ज्यांचं जुळणार न्हाय त्यांनी बंदूक देवळात ठेवायची आणि पालखीम्होरं परत पाऊल टाकायचं न्हाय. दोघांनी स्टँपवर सह्या केल्यात. तुमचा कागद शेवटचा."

मी म्हटलं, विचार करून सांगते. तोवर रंगाण्णांनी एका नळीत टॉर्च मारून डोळा लावला होता. "पीळ हाय ह्यात," ते म्हणाले. मग दुसऱ्या नळीत बघितलं. "ह्यातबी." झालं, काम आम्ही घेतलं होतं.

\*

तात्यांना शंका आली की नळीत मोजण्यासारखं असतं तरी काय. भोक ते भोक.

रंगाण्णांनी कागद ओढला आणि एक गोल काढला. गोलाच्या आतल्या कडेला पाच खाचा काढल्या. "तात्या, ऊस लावताना सरी सोडता न्हवं? तसंच हाय. नळीच्या आत सरी हाय आणि वरंबा हाय. समोरासमोरच्या दोन वरंब्यांमधलं अंतर म्हंजे बोअर. सरीच्या बुडापास्नं समोरच्या सरीच्या बुडापर्यंत मापलं की ते ग्रूव्ह. बोअर लहान, ग्रूव्ह मोठं. दोन्ही मापं घ्यायची."

दोघं म्हातारे कागदावर वाकले. बाईंनी मला हळूच कोपरानं खुणावलं, कारण तेरा वर्षं एकमेकांशी न बोललेल्या दोघांची डोकी पहिल्यांदा एवढी जवळ आली होती.

"पण ह्यात एक मेख हाय," रंगाण्णा म्हणाले. "सऱ्या पाच. सम असत्या तर सरीसमोर सरी आली असती. पाच असल्यावर सरीसमोर वरंबा येतो. म्हणून साध्या मायक्रोमीटरनं मोजायचं न्हाय. त्याला वेगळा, इंग्रजी व्हीसारख्या खाचेत बसवून मोजायचा मायक्रोमीटर लागतो."

आप्पांनी भिंतीकडं बघत विचारलं, "कितीफुटी सरी म्हणायची ही?"

तात्यांनी पंख्याला उत्तर दिलं, "काय का असंना, चार फुटीत उतारा बरा पडतो."

आप्पा भिंतीला म्हणाले, "पाणी असलं तर."

पंधरा मिनिटांनी आप्पांनी सुनंदाबाईंना सांगितलं, "त्यास्नी विचारा, टेम्पोत मागं बसनार का, मला ऊन लागतंय." बाईंनी तात्यांना विचारलं. तात्या अडीच फुटांवर बसले होते.

\*

जुनी बंदूक मोजायला घेतली की पहिलं काम एकच, ती भरलेली नाही ना हे बघायचं. आमची रीत सोपी आहे. पितळेची कांडी तोंडातून आत टेकेपर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची, आणि तीच कांडी बाहेरून नळीवर धरून बघायची. खूण नळीच्या तोंडाशी ठेवून कांडीचं टोक बत्तीच्या, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंत पोचलं तर आत काही नाही.

तात्यांची पोचली. आप्पांची चार बोटं अलीकडंच थांबली.

मी म्हटलं सगळ्यांनी बाहेर व्हा. सगळे झाले, फक्त आप्पा हलेनात. ते म्हणाले, "दरसाल दसऱ्याला आमी ह्याच्या तोंडासमोर बसून पूजा करतोय. उदबत्ती लावतोय. आज मला काय हुतंय?" त्यांचा आवाज मात्र जरा बारीक झाला होता. शेवटी बाईंनी हाताला धरून त्यांना बाहेर आणलं.

रंगाण्णांनी नळीत पाणी भरून बंदूक अंगणात कोपऱ्यात उभी केली, तोंड आभाळाकडं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तशीच. मग तारेचा पीळ आत घालून हलकं हलकं ओढलं, आणि दारूऐवजी चिखल निघाला. गोल, गुळगुळीत, घट्ट लिंपलेला. कुंभारमाशीनं नळीच्या तळाशी ऐसपैस घर बांधलं होतं.

सुनंदाबाईंनी रीतसर पंचनामा लिहिला. तो मी नंतर वाचला. त्यात होतं: "सदर नळीत स्फोटक पदार्थ आढळला नाही. माशीचे घर आढळले. माशी जागेवर हजर नव्हती."

\*

मापं घ्यायला नळ्यांची मागची बुचं काढावी लागणार होती. तीन दिवस रॉकेलमध्ये भिजवून रंगाण्णांनी ती काढली. आप्पांच्या नळीचं बूच आट्यांचं, सुबक निघालं. तात्यांच्या नळीचं नुसतं लोखंडाचा तुकडा तापवून ठोकलेलं.

"हे बंदूक करणाऱ्याचं काम न्हाय," रंगाण्णा म्हणाले. "बैलाला नाल मारणाऱ्याचं हाय."

हे कसं कुणास ठाऊक तात्यांपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच एसटीनं आले. हातात आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी, लेकीच्या सासरचा तांदूळ. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "लाच न्हाय. वास बघा फक्त."

मी म्हटलं, तात्या, माप तांदळानं बदलत नाही.

"ते म्हाईत हाय," तात्या म्हणाले, आणि जरा वेळानं, "माझा बाप म्होरं चालायचा. मी त्याच्या मागनं पाणी घेऊन जायचो. आता कागदावर हरलो तर त्याला काय सांगू?" बाप जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. मी त्यांना चहा दिला.

तात्या गेले आणि दुपारी आप्पा आले. हातात गुळाची ढेप. "लाच न्हाय. आमच्या गुऱ्हाळातला हाय, खाऊन बघा." मग तेही खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला झोप लागत न्हाय बाई. हरलो तर गावात तोंड दाखवता येनार न्हाय, आणि जिंकलो तर..." एवढं म्हणून त्यांनी ढेप माझ्याकडं सरकवली.

दोन्ही जिन्नस मी सुनंदाबाईंबरोबर परत पाठवले. गावात उतरवताना टेम्पोत अदलाबदल झाली म्हणे. गूळ खालच्या घरी गेला, तांदूळ वरच्या घरी. बाईंनी मुद्दाम केलं का हे मला माहीत नाही. तक्रार मात्र कुणाचीच आली नाही.

\*

आता माझा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही, पण सुरुवात केलीय तर सांगते.

ग्रूव्ह मोजायची पद्धत अशी. नळीपेक्षा किंचित जाड असा मऊ शिशाचा गोळा घ्यायचा, नळीला तेल लावायचं, आणि पितळी कांडीवर लाकडी हातोड्यानं टकटक करत गोळा एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडं सरकवायचा. बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगावर नळीच्या आतला छाप असतो. नळीत जिथं सरी, तिथं गोळ्यावर उंचवटा. मग गोळा मोजायचा. बंदुकीला धक्का नाही, सगळं माप हातात.

देवळातल्या गोळीचं माप रंगाण्णांनी आधीच घेतलं होतं. आप्पांच्या नळीतला गोळाही त्यांनीच मोजला, आणि तो जुन्या गोळीच्या अगदी जवळ आला. मग ते जेवायला गेले. तात्यांच्या नळीतला गोळा मी मोजला. तीनशे मायक्रॉननं लहान. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पण तीनशे म्हणजे आमच्या धंद्यात दोन जगं. मी तीनदा मोजला. तीनदा तेच.

तेवढ्यात आप्पांचा फोन. "बाई, काय झालं?"

मी बोलायला नको होतं. पण त्यांना झोप लागत नव्हती हे डोक्यात होतं. म्हटलं, "तुमचं जुळतंय असं दिसतंय."

रंगाण्णा जेवून आले. मी कागद दाखवला. त्यांनी विचारलं, "हा गोळा कशानं मोजलास?"

"मायक्रोमीटरनं."

"सऱ्या किती?"

"पाच."

रंगाण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला, वीस डिग्रीत. पहिल्या आठवड्यात शिकायची गोष्ट. मी स्वतः पोरांना शिकवते. एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खाच, असं धरून मोजलं होतं मी. व्हीच्या मायक्रोमीटरवर चढवला तर तात्यांचा गोळाही देवळातल्या गोळीच्या तितकाच जवळ. दोन नळ्यांत फरक निघाला सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरचा एक केस. जुन्या गोळीवर शिशाचा पांढरा थर चढला होता तोच त्याहून जाड. त्यावरून कुणालाच हरवता येत नव्हतं.

संध्याकाळी मी आप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. माफी मागितली. मग आप्पा म्हणाले, "आवो बाई, पाच असल्यावर सरीसमोर वरंबा येतो. आण्णांनी आमास्नी सांगिटलंतं की." आणि मग, "पेढं वाटून झालं."

तात्यांना फोन करायला तर धीरच होईना. पण केला. चूक कबूल केली, म्हटलं तुम्हाला उगाच वाईट वाटलं असेल.

"वाईट वाटलंतं," तात्या म्हणाले. "आमच्यातबी आलतं पेढं, बायकांच्या हातनं."

मी विचारलं, मग काय केलंत?

"दोन खाल्लं. सातारी हुतं, बरं हुतं."

\*

आता पंचाईत आमची. गोळी दोन्ही नळ्यांना जुळते. पालखी आठ दिवसांवर. बाईंचा रोज फोन. कागदावर लिहायचं काय?

रंगाण्णा म्हणाले, बोअर आतून मोजू, टप्प्याटप्प्यानं. पाचही वरंब्यांना एकदम टेकणारा लांब कांडीचा बोअर गेज आणला आणि प्रत्येक नळीत दर दहा सेंटिमीटरला माप घेतलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. आप्पांची नळी मागच्या टोकाला पंधरा पूर्णांक एकतीस मिलिमीटर. पुढं पुढं बारीक होत गेली आणि तोंडाशी पंधरा बावीस. मी डाव्या रकान्यात सगळं लिहिलं.

मग तात्यांची नळी. मागचं टोक. "पंधरा बावीस," रंगाण्णा म्हणाले.

मी लिहिलं. पुढचं माप बावीसहून कमी. त्याच्या पुढचं आणखी कमी. तोंडाशी पंधरा पंधरा. उजवा रकाना भरला.

मी पेन ठेवलं. डावा रकाना जिथं संपत होता तिथूनच उजवा सुरू होत होता. मी कागद रंगाण्णांसमोर सरकवला. त्यांनी खिशातून चष्मा काढून घातला, पहिला रकाना वरून खाली बोटानं वाचला, आणि बोट न उचलता दुसऱ्याच्या डोक्यावर नेलं. मग उठले, आप्पांच्या नळीचं तोंड उजेडात धरलं. तिथं नेम धरायचा खुंट नव्हता, कधी बसवल्याची खूणही नव्हती. कड कानशीनं घासून गोल केलेली होती.

"सुमे," ते मला म्हणाले, "बाईंना फोन कर. म्हणावं, दोघांस्नी एकदमच घिऊन या."

\*

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी तिघं आले. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, तात्या नवी टोपी घालून. परीक्षेला आलेल्या मुलांसारखे दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. सुनंदाबाईंनी स्टँपपेपर काढून समोर ठेवला. कुणी पाणीसुद्धा घेतलं नाही.

आम्ही काळ्या ग्रॅनाइटच्या मापाच्या पाटावर दोन्ही नळ्या एका रेषेत मांडून ठेवल्या होत्या. आप्पांच्या नळीचं तोंड तात्यांच्या नळीच्या मागच्या टोकाला भिडवलेलं. रंगाण्णांनी एका बाजूनं आत डोळा लावला आणि तात्यांची नळी हातानं हळूहळू फिरवायला लागले. इतकं हळू की फिरतेय हे कळत नव्हतं. मग थांबले. म्हणाले, "आप्पा, इकडं या. बघा."

आप्पांनी बघितलं. पाच सऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड वळत गेल्या होत्या. मध्ये जिथं सांधा होता तिथं फक्त एक बारीक गोल रेघ.

आप्पा जागेवर येऊन बसले.

रंगाण्णांनी शिशाचा गोळा तेलात बुडवून आप्पांच्या नळीच्या मागच्या टोकात बसवला. दोन कांड्या एकमेकींना जोडून एक लांब कांडी केली होती. तात्यांना म्हणाले, "तात्या, तुमच्या नळीच्या तोंडाशी हात धरा. ओंजळ करा."

तात्यांनी ओंजळ धरली. रंगाण्णा टकटक करत गेले. आम्ही सगळे कांडीकडं बघत होतो. ती सांध्यापाशी आली तेव्हा मी कान दिला. सांध्यावर गोळा अडला असता किंवा तिरका झाला असता तर आवाज बदलला असता. आवाज बदलला नाही. टकटक तशीच चालू राहिली, आणि शेवटी गोळा तात्यांच्या ओंजळीत पडला.

अंगावर पाच सऱ्या, एकही खरचटलेली नाही.

"एकच नळी हाय ही," रंगाण्णा म्हणाले. "करवतीनं मधोमध कापलीया. वाटणीत कापली असंल. मागचा भाग वर गेला, म्होरला खाली. करवतीनं खाल्लं तेवढं सोडलं तर सगळं जाग्यावर हाय."

सुनंदाबाईंनी स्टँपपेपरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आता कुणाचं नाव लिहू?"

तात्या ओंजळीतला गोळा अंगठ्यानं चाचपत होते, एक एक सरी मोजल्यासारखे. मला त्या क्षणी इतकं बरं वाटत होतं की रडू येईल की काय अशी भीती वाटली.

मग आप्पा टेबलाला धरून उठले. या वेळी भिंतीकडं बघितलं नाही, बाईंकडंही नाही.

"ज्ञान्या," ते तात्यांना म्हणाले, "तोंड तुझ्याकडं हाय. म्होरं तू चाल."

तात्यांनी मान वर केली. "आणि तू?"

"मागचा भाग माझा. मी मागनं येतो."

तात्यांनी जरा विचार केला. "मग हळू चालाय पायजे. तुझा डावा गुडघा धरतोय न्हवं, उतरताना."

आप्पा जागच्या जागी थांबले. "तुला कुणी सांगिटलं?"

"सांगतंय कोण," तात्या म्हणाले. "रोज सकाळी डेरीला उतरतोस की माझ्या दारावरनं."